रूरमधले सहा दिवस आणि एक निळी रेघ

आमचा भाचा जर्मनीत, रूर या जुन्या कोळसा-पोलादाच्या पट्ट्यातल्या एसेनला नोकरी करतो हे सगळ्या नातेवाइकांना माहीत होतं. तो तिथे नेमकं काय करतो, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, "जमिनीचं काहीतरी" एवढंच सांगायची. त्यामुळे तो प्लॉट विकतो अशी अर्ध्या लोकांची समजूत होती. खरं काम असं, की बंद पडलेल्या कारखान्यांच्या जागेत भोकं पाडायची, खालची माती वर काढायची आणि तिच्यात काय काय मुरलंय ते शोधायचं. "मावशी, तू ये तर खरी. तुझी अख्खी बारावीची केमिस्ट्री तुला जमिनीखाली दाखवतो," असं तो तीन वर्षं म्हणत होता. मी निवृत्त झाले, यांच्या गुडघ्यांना डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला आणि जुलैअखेरीस आम्ही निघालो.

आम्ही डोंबिवलीचे. मी कनिष्ठ महाविद्यालयात केमिस्ट्री शिकवली, हे एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला होते. वासाच्या बाबतीत आमच्या गावाला कुणी शिकवू नये. रात्री कुठल्या बाजूचं वारं सुटलंय, हे आम्ही अंथरुणात पडल्या पडल्या सांगतो. २०१४ च्या जानेवारीत गावात हिरवा पाऊस पडला, तेव्हा यांनी गॅलरीतल्या बादलीत बोट बुडवून "डाय आहे" असं निदान केलं आणि चहा मागितला. असे आम्ही दोघं. युरोपात लोक राजवाडे बघायला जातात, आम्ही दूषित माती बघायला गेलो.

पहिला दिवस : नागपंचमीला खणणारा माणूस

फ्रँकफुर्टहून रेल्वेने एसेनला पोचलो तेव्हा दुपार होती, सोळा-सतरा डिग्री आणि बारीक, न थांबणारा पाऊस. डोंबिवलीहून निघताना तोच पाऊस होता, फक्त इथे त्याला आवाज नव्हता.

त्या दिवशी नागपंचमी होती. आमच्या आजोळी या दिवशी नांगर चालत नसे, कुदळ उचलत नसत, चिरणं-कापणंसुद्धा बंद. मी भाच्याला सहज विचारलं, "आज सुट्टी घेतलीस ना?"

"नाही गं, सकाळी चार भोकं पाडून आलो."

"नागपंचमीला?"

"मावशी, तिथे नाग सोड, गांडूळसुद्धा नाहीये."

संध्याकाळी त्याने पिठलं-भात केला. पिठलं उत्तम जमलं होतं, म्हणून त्याच्या लग्नाचं आता मनावर घ्यायला हवं असं बहिणीला लगेच कळवलं. जेवताना त्याने एक शब्द शिकवला, जो पुढे सहा दिवस ऐकायचा होता : 'आल्टलास्ट'. शब्दशः जुनं ओझं. मागच्या पिढीच्या कारखान्याने किंवा कचरा टाकणाऱ्याने जमिनीत मागे ठेवलेल्या विषाला जर्मन कायद्यात हेच नाव आहे. कायदा पूर्णपणे लागू झाला १ मार्च १९९९ ला, ओझी मात्र शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची.

"मग तुम्ही ती माती साफ करता," हे म्हणाले.

"काका, साफ हा शब्द आम्ही जरा जपून वापरतो. बहुतेक वेळा माती हलवतात, नाहीतर झाकतात, नाहीतर कोंडून ठेवतात. काही विषं जिवाणू खातात, काही भट्टीत तापवून उडवता येतात. पण शिसं, कॅडमियम कुठे जाणार? मूलद्रव्यं ती."

"म्हणजे शेवटी प्रश्न एवढाच, की नेऊन ठेवलं कुठे."

"आणि कुठे ठेवलं ते लिहून ठेवलंय का."

यांना हा प्रश्न इतका आवडला, की पुढे प्रत्येक ठिकाणी "मग ती माती गेली कुठे?" हे त्यांनी विचारलंच. गाइडला, वेटरला, एकदा तर पोहायला आलेल्या मुलाला.

*जाणाऱ्यांसाठी :* 'डॉइशलांडटिकेट' घ्या. आम्ही गेलो तेव्हा महिन्याला ५८ युरो होतं. त्यात देशभरातल्या लोकल गाड्या, ट्राम, बस सगळं येतं, वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्या येत नाहीत. पण ते मासिक वर्गणीसारखं आहे. महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही, तर पुढच्या महिन्याचे पैसेही कापले जातात.

दुसरा दिवस : डुइसबुर्गची गंजकी बाग

डुइसबुर्ग स्टेशनवरून ९०३ नंबरची ट्राम लांडशाफ्ट्सपार्कच्या स्टॉपला सोडते. उद्यान म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे हिरवळ आणि कारंजं आलं होतं. समोर उभं राहिलं ते गंजाने तपकिरी पडलेलं लोखंड. भट्ट्या, धुराडी, हत्तीच्या सोंडेएवढे पाइप. मायडरिशचा हा थिसेन कुटुंबाचा कारखाना १९०१ पासूनचा. १९८५ च्या एप्रिलमध्ये शेवटची भट्टी विझली. पाडून सपाट करायचा विचार होता, पण आसपासच्या लोकांनी तो उचलून धरला नाही. पेटर लाट्झ या उद्यानरचनाकाराने तो जसा होता तसा ठेवून त्याची बाग केली आणि १९९४ मध्ये ती लोकांना खुली झाली. जवळजवळ १८० हेक्टर जागा. तिकीट नाही, चोवीस तास उघडी.

आमचे गाइड साठी उलटलेले. तरुणपणी याच कारखान्यात उमेदवारी केलेले. हातात छत्री होती, पण ती त्यांनी अखेरपर्यंत उघडली नाही, काठीसारखी वापरली. भाचा दुभाष्या. भट्टीकडे न नेता त्यांनी आम्हाला आधी खनिजाच्या बंकरांकडे नेलं. माणूस बुटका वाटावा एवढ्या उंच, जाड काँक्रीटच्या भिंतींच्या कोठ्या, एकाला एक लागून. पूर्वी यांत लोहखनिज आणि कोक, म्हणजे भट्टीत घालायचा भाजलेला कोळसा, साठवायचे. आता काही कोठ्यांच्या भिंती कापून दारं केलीत आणि आत छोट्या बागा आहेत. नेचे, हायड्रेंजिया, भिंतींवरून ओघळणारं पावसाचं पाणी. काही कोठ्यांच्या भिंतींवर गिर्यारोहण संघाची मंडळी दोर लावून चढतात. एक काकू, माझ्याच वयाच्या, पावसात लटकलेल्या होत्या. यांनी त्यांच्याकडे आणि नंतर स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं.

"मग ती माती गेली कुठे?"

गाइडनी छत्रीचं टोक एका बंद बंकरावर टेकवलं. आवाज भरीव आला.

झालं होतं असं. कारखान्याचा सिंटर प्लांट, म्हणजे खनिजाचा भुगा भाजून त्याचे गठ्ठे करायचा विभाग, सर्वांत दूषित होता. तो पाडावाच लागला. त्यातला विषारी मलबा गाडीत घालून दुसऱ्या कुणाच्या गावाला पाठवण्याऐवजी इथल्याच काही बंकरांत भरला आणि वरून बंद केला. त्याच्या माथ्यावर आता झाडोरा आहे. फारशी दूषित नसलेली माती तर उकरलीच नाही, तिथे बर्चची झाडं आपोआप उगवली होती ती तशीच वाढू दिली. जिथे तेलकट विष थोडं आहे, तिथे जिवाणू आणि मुळं सावकाश आपलं काम करतात, आणि कुणालाही घाई नाही.

हे मला पटायला जरा वेळ लागला. विष त्याच आवारात ठेवून वर फुलझाडं? मग आमच्याकडचं आठवलं. भोपाळच्या कारखान्यातला ३३७ टन कचरा २०२५ च्या १ जानेवारीच्या रात्री बारा कंटेनरमधून पीथमपूरला हलवला, आणि पीथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले. चाळीस वर्षांनी एका गावाचं ओझं दुसऱ्या गावाच्या दारात. कारखान्याच्या आवारातली माती तर अजून तिथेच आहे. मी गाइडना हे सांगितलं. त्यांनी थोडा वेळ काहीच म्हटलं नाही, मग भाच्याला काहीतरी बोलले. भाचा म्हणाला, "ते म्हणतायत, आमच्याकडे माणसं मेली नाहीत म्हणून आम्हाला एवढा निवांतपणा मिळाला."

पुढे ओतशाळेतल्या ४९ लोखंडी पाट्यांचा चौक बघितला. पूर्वी तापलेलं लोखंड ओतायच्या जागेवर त्या असायच्या. आता ऊन-पावसाने त्यांना जी कड आली आहे तीच नक्षी. जुना वायुसाठा, म्हणजे ४५ मीटर व्यासाची लोखंडी टाकी, पाण्याने भरून पाणबुड्यांना दिली आहे, तेरा मीटर खोल. आत मुद्दाम बुडवलेली होडी आहे म्हणे. रबरी पोशाखातले दोघं पाणबुडे टाकीबाहेर उभे राहून सँडविच खात होते. पाच नंबरच्या भट्टीवर लोखंडी जिन्याने पार वर जाता येतं. यांनी तिसऱ्या टप्प्यावर संप पुकारला, मी एकटी वर गेले. वरून बर्चची हिरवी साय सगळ्या गंजावर पसरलेली दिसत होती, आणि दूर ऱ्हाइनच्या बाजूला अजून चालू असलेल्या कारखान्यांच्या वाफा.

खाली आल्यावर यांनी करीवुर्स्ट मागवलं. सॉसेजचे तुकडे, वर टोमॅटोचा गोडसर सॉस आणि त्यावर भुरभुरलेली करी पावडर. श्रावण लागून पाच दिवस झाले होते. "श्रावण भारतात लागलाय," हे म्हणाले. मी तळलेल्या बटाट्यांवर भागवलं. ती करी पावडर मात्र चाखली. आपल्या कुठल्याच मसाल्याशी तिचं नातं नाही.

*जाणाऱ्यांसाठी :* रात्रीची रंगीत रोषणाई शुक्रवार ते रविवार असते. आम्ही बुधवारी गेलो आणि ती हुकली. जिने जाळीचे आहेत, खालचं सगळं दिसतं. टाचांच्या चपला नकोत आणि ज्यांना चक्कर येते त्यांनी खालीच बसून बटाटे खावेत.

तिसरा दिवस : काळी बाजू, पांढरी बाजू

एसेनची त्सोलफेराइन खाण युनेस्कोच्या यादीत २००१ पासून आहे. तिच्यावर भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून मी धावतं सांगते. बारा नंबरचा खाणमनोरा, १९३२ सालचा, फ्रिट्स शुप आणि मार्टिन क्रेमर या वास्तुरचनाकारांचा. दिवसाला १२ हजार टन कोळसा इथून वर यायचा. १९८६ च्या डिसेंबरात खाण बंद झाली. कोळसा धुण्याच्या इमारतीत आता संग्रहालय आहे आणि तिथे जायला नारिंगी दिव्यांचा लांबलचक सरकता जिना. ट्राम १०७.

मी रेंगाळले ती शेजारच्या कोकिंग प्लांटमध्ये. हा १९६१ पासूनचा, १९९३ ला बंद पडलेला. ३०४ भट्ट्यांची एक रांग, शेवट दिसत नाही इतकी लांब. कोळसा हवेशिवाय हजार अंशांच्या वर भाजला की मागे कोक राहतो आणि जे उडून जातं त्यात सगळी सेंद्रिय रसायनाची खिचडी असते. डांबर, बेंझीन, अमोनिया, फिनॉल, सायनाइड. ती खिचडी धुऊन, गाळून वेगवेगळी करून विकायची.

कामगारांनी या कारखान्याचे दोन भाग केले होते. जिथे कोळसा भाजायचे ती 'काळी बाजू'. जिथे वायूतून रसायनं काढायची ती 'पांढरी बाजू'. काळ्या बाजूला काजळी, धग, घाम. पांढऱ्या बाजूला टाक्या, नळ्या आणि स्वच्छ डगले. आता गंमत ऐका. काळ्या बाजूची माती त्या मानाने सोपी, काजळी आणि कोळशाचा चुरा. भाच्याच्या धंद्यातल्या लोकांना धसका असतो तो पांढऱ्या बाजूचा. डांबराच्या टाक्या गळतात, बेंझीन सांडतं, खाली झिरपतं, भूजलाला मिळतं. कुठल्याही गावचा कोकिंग प्लांट घ्या, पहिली भोकं पांढऱ्या बाजूला पाडतात.

तिथे पाइपांखालून चालताना मला एक वास आला. हलका, ओळखीचा, पण जागेवर न बसणारा. मी थांबले. आईचं शिसवी कपाट. पैठणीच्या घडीत ठेवलेल्या डांबरगोळ्या! नॅप्थॅलीन. आपण तिला डांबरगोळी म्हणतो ते उगीच नाही, दगडी कोळशाच्या डांबराचा साधारण दहावा हिस्सा तीच असते. वर्षानुवर्षं मी फळ्यावर दोन षटकोन चिकटवून नॅप्थॅलीन काढत आले, पण कपाटातली पांढरीशुभ्र गोळी या अशा यंत्राच्या पोटातून निघते, हे डोळ्यांपुढे कधी आलंच नव्हतं. बंद होऊन तीस वर्षं उलटली तरी वास आहे की मला भास झाला, देव जाणे. हे म्हणाले, "मला काही येत नाही." पण यांचं नाक एमआयडीसीने कधीच खाल्लंय.

भट्ट्यांच्या पुढ्यात, निळ्या रंगाचा पोहण्याचा तलाव आहे. दोन मालवाहू कंटेनर जोडून केलेला, २००१ मध्ये एका कलाकृतीचा भाग म्हणून. शाळांच्या सुट्टीत तो पोरांसाठी खुला करतात, फुकट. अठरा डिग्रीत, ढगाळ हवेत, दहा-बारा वर्षांची मुलं काळ्या भिंतींसमोर दणादण उड्या मारत होती. अरबी, तुर्की, जर्मन, सगळी ओरड एकत्र. एक मुलगा कुडकुडत बाहेर आला तेव्हा यांनी त्याला इंग्रजीत विचारलंच, इथली माती कुठे गेली. तो म्हणाला, "कुठली माती?" आणि परत उडी मारली.

चौथा दिवस : निळी रेघ

हा दिवस पर्यटनाच्या कुठल्याच यादीत नाही. भाच्याला कामावर जायचं होतं आणि साइट घरापासून वीस मिनिटांवर होती. आत जायला बाहेरच्यांना परवानगी नसते, पण कुंपणाबाहेरून बघायला कुणाची ना नाही. तर आम्ही दोघं छत्रीखाली, जाळीला नाक लावून.

जागा एका जुन्या गॅस कारखान्याची, जिथे कोळशापासून वायू काढायचे. समोर रिकामं मैदान, तणात जांभळ्या तुऱ्यांची झुडपं. ही झुडपं इथे प्रत्येक पडीक जागेत असतात. दोघांच्या हातात पोकळ पोलादी नळी, एका बाजूने उभी चिरलेली, आणि वरून ठोकणारं यंत्र, रस्ता फोडतात त्या जातीचं. नळी मीटरभर आत गेली की जॅकने वर खेचतात, आडवी ठेवतात आणि सुरीने चिरेवरची माती खरवडतात. कलिंगडाची फोड काढावी तसा जमिनीचा काप समोर येतो.

भाच्याने एक नळी कुंपणाजवळ आणून ठेवली. वरची वीतभर साधी माती, मुळं. मग विटांचे तुकडे, स्लॅग म्हणजे भट्टीतून निघणारी दगडी मळी, राख. मग काळा, चकाकणारा, चिकट पट्टा. तळाशी पिवळी, स्वच्छ दिसणारी गाळमाती. आणि राखेच्या मधोमध, बोटभर जाडीची, निळी रेघ. फिकी नाही, शाईसारखी निळी. कुणीतरी मुद्दाम ओढल्यासारखी.

मी जवळ वाकले आणि सवयीने नाक पुढे केलं.

"मावशी! नाक मागे घे."

मागे घेतलं. पण तोवर ओळखलं होतं. बारावीच्या प्रॅक्टिकलला नायट्रोजनची लॅसेन टेस्ट घेतात. सोडियमबरोबर वितळवायचं, फेरस सल्फेट घालून उकळायचं, आम्ल टाकायचं आणि परीक्षानळीत निळा रंग आला की मुलं ओरडतात, "मॅडम, आला!" प्रशियन ब्लू. लोखंड आणि सायनाइड यांचं लग्न. इथे तोच प्रयोग कुणी न मांडता जमिनीत झाला होता. कोळशातल्या नायट्रोजनचं भट्टीत सायनाइड झालं. वायू शुद्ध करायला तो लोहखनिजाच्या थरातून सोडत. लोखंडाने सायनाइड धरून ठेवलं. वापरून संपलेलं ते खनिज अंगणात फेकून दिलं, वर राख टाकली, विषय संपला. माझ्या मुलांना निळा रंग आणायला चाळीस मिनिटं लागायची आणि निम्म्यांचा यायचाच नाही.

"हे कितपत वाईट?" यांनी विचारलं.

"लोखंडाने घट्ट धरलंय तोवर बरं. उन्हात उघडं पडलं तर हळूहळू सुटतं. खरी डोकेदुखी त्याखालचा काळा पट्टा आहे." मग त्याने जी गोष्ट सांगितली ती मी वहीत लिहून घेतली. १९९९ च्या जर्मन नियमावलीत शिशाचा आकडा एक नाही, चार आहेत. किलोभर मातीत २०० मिलिग्रॅमच्या वर शिसं असेल आणि तिथे मुलांचं खेळाचं मैदान असेल, तर पुढची तपासणी करायची. राहती घरं असतील तर ४००. सार्वजनिक उद्यान असेल तर १०००. कारखाना असेल तर २०००. माती तीच. तिच्यावर कोण रांगणार, त्यावर आकडा.

"इथे काय होणार आहे?"

"नगरपालिकेत दोन मतं आहेत. काहींना बालवाडी हवीय, काहींना पार्किंग."

संध्याकाळी तो आम्हाला त्याच्या शेजारच्या आजींच्या बागेत घेऊन गेला. शहराच्या कडेला इथे छोट्या छोट्या बागांच्या वसाहती असतात, प्रत्येकाला जमिनीचा एक तुकडा आणि लाकडी खोपटं. आजी तुर्की. नवरा खाणीत होता, तो गेल्याला बरीच वर्षं झाली. बागेची जमीन जुन्या राखेवर आहे, त्यामुळे पाटीवर सूचना लावलेल्या. आजींचा त्यावर स्वतःचा कारभार होता. पालक, सॅलड, कोथिंबीर असली पालेभाजी लाकडाच्या उंच पेटीत, विकतच्या मातीत. टोमॅटो आणि घेवडा खाली जमिनीत. कॅडमियम पाल्यात साचतं, फळात तेवढं येत नाही. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या बाईला हे एका तुर्की आजीने हातवारे करून समजावलं. पाल्याकडे बोट, पोटावर हात, मान नकारार्थी. टोमॅटोकडे बोट, बोटांचं चुंबन.

मग इवल्याशा काचेच्या पेल्यात चहा आणि पालक-चीज भरलेलं ब्योरेक. पालक पेटीतला आहे ना, हे यांनी खुणेने विचारून घेतलं. आजी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत किलोभर टोमॅटो कोंबले. दुसऱ्या दिवशी सार केलं. तसं सार डोंबिवलीत होत नाही, हे कबूल करते.

पाचवा दिवस : बॉम्ब आणि तळं

डॉर्टमुंडला जाणारी गाडी मध्येच एका स्टेशनात थांबली ती थांबलीच. घोषणा झाली, लोकांनी उसासे टाकले, कुणी उठलं नाही. दुसऱ्या महायुद्धातला न फुटलेला बॉम्ब रुळांजवळ खोदकामात सापडला होता. आम्ही दोघं ताठ. शेजारची बाई विणकाम करत म्हणाली, "नेहमीचंच." दीड तास. या भागावर एवढे बॉम्ब पडले, की कुठलीही मोठी खोदाई करण्याआधी विषाबरोबर बॉम्बचीही तपासणी करावी लागते. भाच्याला भोक पाडण्याआधी तशी मंजुरी लागते. म्हणजे खाली डांबर, सायनाइड आणि ब्रिटिशांचा बॉम्ब. बहिणीला मी हे कळवलेलं नाही.

ह्योर्डे भागात पोलादाचा कारखाना १८४१ पासून होता. २००१ मध्ये बंद झाला. पुढे चिनी कामगारांचा तांडा आला, त्यांनी अख्खा कारखाना खिळा न् खिळा सुटा केला आणि बोटींवर चढवून यांगत्सेच्या मुखाजवळ नेऊन परत उभा केला. त्यांच्या कढयांचा वास इथल्या जुन्या रहिवाशांना अजून आठवतो, असं कॅफेतला मालक म्हणाला. उरलेल्या खड्ड्यात २०१० च्या १ ऑक्टोबरला पाणी सोडलं. आता तिथे २४ हेक्टरचं फिनिक्स तळं आहे. शिडाच्या होड्या, बदकं, काठावर पांढरी चौकोनी घरं, ज्यांच्या किमती ऐकून ठाण्याचा माणूससुद्धा गप्प बसेल.

काठावर लोखंडाचं पोलाद करायचं एक जुनं थॉमस भांडं ठेवलंय, पेरूच्या आकाराचं, दोन मजली. यातून निघालेल्या स्लॅगमध्ये फॉस्फरस असायचा, म्हणून ती दळून शेतकऱ्यांना खत म्हणून विकत. हे यांना फार आवडलं. ते भांड्याभोवती दोनदा फिरले.

"मग ती माती—"

"पंचवीस लाख घनमीटर उकरली, काका. ती टेकडी दिसतेय? त्यातलीच. बरीचशी पलीकडे, भट्ट्यांच्या जागेवर नेली."

टेकडीवर चढलो. मुलं पतंग उडवत होती. तळ्याच्या बाजूने एक ओढा चालला होता, काठाला गवत, निळे चतुर. ती एम्शर नदी. तिला आणि तळ्याला मुद्दाम वेगळं ठेवलंय. कोळसा उपसून इथली जमीन खचत गेली. एसेनमध्ये काही ठिकाणी पंचवीस मीटरपर्यंत. खचणाऱ्या जमिनीत सांडपाण्याचे पाइप फुटतात, म्हणून शंभर वर्षं या नदीलाच काँक्रीटचं उघडं गटार केलं होतं. लोक तिला जे म्हणत ते भाच्याने आधी सांगायला टाळलं. मग सांगितलं. मराठीत लिहायचं तर 'लेंडीओढा'. खाणी संपल्या, जमीन स्थिरावली, तेव्हा ५१ किलोमीटरचा भूमिगत नळ टाकला आणि २०२१ च्या अखेरीस नदीत जाणारं सांडपाणी थांबलं. तीस वर्षं आणि साडेपाच अब्ज युरो.

परतताना भाच्याने याच शहरातल्या डॉर्स्टफेल्डची गोष्ट सांगितली. तिथे जुन्या कोकिंग प्लांटच्या जागेवर सरळ वसाहत बांधली होती. लोक राहायला आले, बागा केल्या, आणि १९८० च्या दशकात कळलं की खाली काय आहे. "आमचा धंदा त्यानंतर सुरू झाला म्हण," तो म्हणाला.

*जाणाऱ्यांसाठी :* डॉर्टमुंड स्टेशनवरून यू-४१ ने ह्योर्डे. तळ्याभोवती पायी तासभर लागतो. शनिवारी कॅफेत जागा मिळत नाही. मागच्या गल्लीतल्या टपरीवर जा, चॉकलेटं-गोळ्या सुट्या मोजून कागदी पिशवीत देतात, आपल्याकडे पूर्वी द्यायचे तशा.

सहावा दिवस : रविवार

रविवारी जर्मनीत दुकानं बंद, हे शनिवारी लक्षात ठेवायचं असतं. आम्ही ठेवलं नाही. दूध नव्हतं. कोरा चहा पीत खिडकीत बसलो. ऊन पडलं होतं, सहा दिवसांत पहिल्यांदा.

भाचा म्हणाला, खाणी बंद झाल्या तरी पंप चालू आहेत. जमीन बशीसारखी खचलीय, पाणी उपसणं थांबवलं तर इथली कित्येक शहरं तळ्यात जातील. या कामाला इथे 'अनंतकाळची कामं' असंच नाव आहे, आणि त्यांच्या खर्चासाठी २००७ मध्ये खास संस्था काढून पैसे बाजूला ठेवलेत. हे हिशेब करत बसले, अनंतकाळाला किती व्याज लागेल याचा. मी बॅग भरली.

परत आल्यावर

घरी पोचून तीन आठवडे झाले. गणपतीच्या तयारीत होते, तेवढ्यात भाच्याचा व्हॉट्सॲप आला. त्या गॅस कारखान्याच्या जागेचा निकाल लागला. बालवाडी नाही. पार्किंग होणार. काळ्या पट्ट्यातला सर्वांत वाईट भाग उकरून काढणार, बाकीचं तिथेच राहणार, निळ्या रेघेसकट. पावसाचं पाणी आत झिरपू नये म्हणून वर डांबराचा थर. बाजूला भूजल तपासायच्या विहिरी, आणि नोंद जमिनीच्या कागदपत्रात.

मी मोठ्याने वाचून दाखवलं. रस्त्याचं डांबर आता खनिज तेलातून येतं, कोळशाच्या डांबराशी त्याचा संबंध नाही, हेही वर सांगितलं. शिक्षकी सवय.

हे मखराला थर्माकोल नको म्हणून पुठ्ठा कापत होते. मान वर न करता म्हणाले, "खाली डांबर, वर डांबर."